कमोड तुंबलाय, ॲसिड ओतू का?

तळमजल्यावरचा:
मंडळी, जरा अर्जंट आहे. कालपासून फ्लश केला की कमोडमधलं पाणी पार काठापर्यंत चढतं आणि मग तासाभराने कुठे उतरतं. ड्रेन क्लीनरची पावडर टाकून झाली, ढिम्म फरक नाही. शेजारचे काका म्हणतायत सरळ ॲसिड ओत. एकच संडास, घरात म्हातारी आई, आणि प्लंबर म्हणतो सोमवारी बघू.

पान्हेवाला:
ॲसिड नको!! त्या पावडरीत बहुतेक कॉस्टिक सोडा असतो, तो अजून आत असणार, वर ॲसिड पडलं की उसळून तोंडावर येईल. आणि ब्लीचिंग पावडर पण नको, ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, बंद संडासात जीव घुसमटेल. न्हाणीतून पाणी वर येतंय का ते सांगा आधी, येत असेल तर भानगड बाहेरच्या चेंबरची.

तळमजल्यावरचा:
न्हाणीचं पाणी नीट जातंय.

जुनी चाळ:
त्यावरून काही कळत नाही हो, जुन्या बिल्डिंगमध्ये न्हाणीचा पाइप वेगळा आणि संडासाचा वेगळा असतो. चेंबरचं झाकण उघडून बघा ना सरळ. भरलेला असेल तर पुढे अडलंय, सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावा, तुम्ही घरात कितीही खटपट केली तरी वरच्यांचं सगळं तुमच्याच कमोडमध्ये येणार. रिकामा असेल तर कमोड आणि चेंबरच्या मध्येच कुठेतरी आहे, बहुतेक कमोडच्या खालच्या वळणातच, आणि तिथे पॅड नाहीतर वेट वाइप्स अडकलेले असतील तर कुठलीच पावडर ते विरघळवत नाही.

तळमजल्यावरचा:
बघितला, चेंबर रिकामा. आता?

पान्हेवाला:
मग रबरी पंप. हातमोजे आणि चष्मा घाला, पावडरीचं पाणी आहे ते. रबर पाण्यात बुडलेलं हवं, नुसती हवा दाबून काही होत नाही, आणि कडेने जुनं फडकं धरा म्हणजे उडणार नाही. हळू दाबा, जोरात वर खेचा, खरं काम खेचण्याने होतं. नाहीच सुटलं तर प्लंबरची स्प्रिंग. उकळतं पाणी ओतू नका, कमोडला तडा जातो.

सांगलीकर:
आमच्याकडे बांबूची कामटी घालतात, मस्त निघतं.

जुनी चाळ:
अहो ती चेंबरच्या लायनीत, कमोडमध्ये घालाल तर वळणात मोडून बसेल.

तळमजल्यावरचा:
पंप हार्डवेअरवाल्याकडे मिळेल ना?

पान्हेवाला:
हो, पण कमोडचा म्हणून मागा, खाली निमुळता गळा असलेला. नुसतं पंप म्हणालात तर बेसिनचा चपटा देतील, तो कमोडच्या भोकावर नीट बसत नाही.