जेडेप्सचा कोरा अहवाल पुरेसा नाही

जावा १७ वर जाण्याआधी लायब्ररी तपासताना जेडेप्सने (कोड कशाकशावर अवलंबून आहे ते दाखवणारं जावाचं साधन) जेडीकेचा (जावाच्या विकास-संचाचा) एकही अंतर्गत एपीआय, म्हणजे बाहेरच्या कोडने वापरू नये असा भाग, दाखवला नाही म्हणजे लायब्ररी सुरक्षित, असं मत मांडलं जातं; ते मला अर्धंच पटतं. जेडेप्स क्लास फाइलमधले थेट संदर्भ वाचतं. क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये देऊन रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास गाठण्याची सोय) अंतर्गत भागात केलेला शिरकाव त्याला दिसत नाही. आमचा अहवाल कोरा होता, तरी असा शिरकाव अडवणाऱ्या जावा १७ वर एका जुन्या सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट साठवण्याजोग्या रूपात बदलणाऱ्या) लायब्ररीने पहिल्याच टेस्टला एक्सेप्शन फेकलं.

त्यामुळे जावा ९ ते १६ पैकी एखाद्या आवृत्तीवर इल्लीगल-ॲक्सेस (--illegal-access, असा शिरकाव कसा हाताळायचा ते ठरवणारा) हा पर्याय 'डीबग'वर ठेवून सगळ्या टेस्ट जरूर चालवा. प्रत्येक बेकायदा शिरकावाचा स्टॅक ट्रेस (तो कुठल्या कॉलमधून झाला त्याची साखळी) मिळतो, म्हणजे दोष नेमक्या कुठल्या जारचा (लायब्ररीच्या फाइलचा) ते कळतं. १७ मध्ये हा पर्याय निकामी झालाय.