पंचवटीमागे सूर्य मावळत नाही, आणि हे सांगणं म्हणजे अपमान नाही

गंगेवरचा
कालच्या पोस्टला उत्तर लिहायला घेतलं आणि लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सिडकोवाला यांनी नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाचा फोटो टाकला, नाव 'गोदाकाठची सायंकाळ', देवळामागे आभाळ नुसतं पेटलेलं. मी खाली एवढंच लिहिलं की आभाळ बदललेलं कळतंय, कळसाच्या कडेला पांढरी रेघ राहिलीय. त्यावर त्यांची वेगळी पोस्ट, "न मागता अक्कल शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःचे फोटो दाखवावेत."

आता सविस्तर सांगतो, मागितलं नसलं तरी. फोटो गावाच्या बाजूच्या काठावरून काढलाय, म्हणजे कॅमेरा पूर्वेकडे. देवळाच्या नदीकडच्या भिंतीवर संध्याकाळचं पिवळं ऊन पडलंय, ते येतंय तुमच्या पाठीमागून, सराफ बाजाराच्या अंगाने. आणि सूर्य मावळतोय कुठे, तर देवळाच्या मागे. दोन सूर्य! बरं, पाण्यात देवळाचं प्रतिबिंब आहे पण त्या लाल आभाळाचा एक शिंतोडा नाही. दुसऱ्याचं आभाळ चिकटवायला फोनवर दोन मिनिटं लागतात, त्याला माझी हरकत नाही, पण मग 'सायंकाळ' म्हणू नका आणि "वाह", "जबरदस्त" सोडून कोणी काही बोललं की रुसू नका. चार वर्षं नुसतं "अप्रतिम सर" ऐकून माझे स्वतःचे फोटो चार वर्षं होते तिथेच राहिले होते, म्हणून बोलतोय.

सिडकोवाला
झालं का? एका फोटोवर अख्खी पंचनामा कमिटी. मी नोकरी करून रविवारी दोन तास काढतो भाऊ, त्या दिवशी आभाळ पांढरं फटक होतं म्हणून बदललं. स्पर्धेला पाठवला नाही, विकला नाही. आणि मोठमोठे लोक काय करायचे? अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ चा तो चंद्रोदयाचा फोटो पुढे आयुष्यभर डार्करूममध्ये आभाळ काळं करकरून छापला. त्याला कोणी विचारलं नाही.

गंगेवरचा
त्याने तिथलंच आभाळ काळं केलं, चंद्र दुसऱ्या गावाहून आणला नव्हता.

निफाडकर
गंगेवरच्यांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात काय चाललंय ते बघा. मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभा असताना जवळजवळ पांढराच दिसतो, खरा रंग पंख उघडल्यावर. पण सॅच्युरेशन ओढून ओढून त्याची पार गुलाबी आईस्क्रीम करतात आणि मग लोक येऊन मलाच विचारतात की ते गुलाबीवाले कुठंयत. २०२० ला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून गर्दी वाढलीय, आता तर पंख उघडावेत म्हणून दगड मारणारे महाभाग पण बघितलेत मी, आणि त्या फोटोखाली पण "मस्त टायमिंग" लिहिलेलं असतं!! टायमिंग कसलं, नेम.

पंचवटीकर
एक शंका. गोदावरी पूर्वेला वाहते हे शाळेत शिकलोय. मग एक काठ उत्तरेला, एक दक्षिणेला झाला ना? कॅमेरा पूर्वेकडे कसा?

गंगेवरचा
पंचवटीकर म्हणवता आणि हे विचारता? रामकुंडापाशी गंगा, म्हणजे आपली गोदावरीच, दक्षिणेला वळते, दक्षिणवाहिनी म्हणून तर त्या जागेचं एवढं माहात्म्य. पंचवटी पूर्वेला, गाव पश्चिमेला.

पंचवटीकर
जन्म तिथला आहे माझा, तुम्ही दिशा शिकवू नका. उन्हाळ्यात सूर्य बराच सरकतो.

गंगेवरचा
सरकतो तो वायव्येकडे, जूनमध्ये पंचवीसेक अंश. पूर्वेला जाऊन मावळत नाही.

आळशी ट्रायपॉड
तुमचं भूगोलाचं चालू द्या, मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपवर मी वडिलांचा फोटो टाकला होता. ओट्यावर बसून द्राक्षाच्या पेटीला कागद लावतायत, खिडकीतून उजेड. ग्रुपातल्या एका सीनियरने लिहिलं, "हायलाईट जळलेत, हात कापलाय, डिलीट करा." हायलाईट जळले होते, म्हणजे उजेडाचा भाग पांढराफटक झाला होता, हे खरंय. पण वडील जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तसा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. त्यानंतर आठ महिने कॅमेरा कपाटात. तुम्ही म्हणाल त्यांना काय माहीत. हो, माहीत नव्हतं, पण विचारायला काय जातं की फोटो कशासाठी टाकलाय, शिकायला की दाखवायला?

निफाडकर
वाईट वाटलं वाचून. पण मग तसं वर लिहायचं ना, नुसता आठवण म्हणून टाकतोय.

आळशी ट्रायपॉड
हो, पुढच्या वेळी मृत्यूचा दाखला जोडतो.

मेनरोड स्टुडिओ
मी तीस वर्षं स्टुडिओत टचिंग केलंय म्हणून दोन शब्द. एडिटिंग हे काही तुमच्या फोनने आणलं नाही. निगेटिव्हवर आधी मीडियम चोळायचं, पेन्सिल धरावी म्हणून, वर टोकदार पेन्सिलने बारीक बारीक ठिपके. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागली तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं, मुरमं गायब, डोळ्याखालचं काळं गायब. स्थळासाठीचा फोटो असला की एकेका चेहऱ्यावर अर्धा तास. आणि अभिप्राय कसा मिळायचा, तर मुलीची आत्या काउंटरवर उभी राहून म्हणायची, "नाक आमच्या मुलीचं नाहीये हे." चार माणसांसमोर! पण सांगतो, त्या आत्यांनी मला जे शिकवलं ते मालकाने शिकवलं नाही. टचिंग जास्त झालं की माणूस ओळखू येत नाही, एवढंच त्या सांगायच्या. फक्त त्यांनी पैसे मोजलेले असायचे, म्हणून ऐकून घ्यायचो. इथं फुकटात कोण ऐकणार.

आणि आजचे परीक्षक रात्री अकराला अंथरुणात, फोन पिवळ्या नाईट मोडवर ठेवून, व्हॉट्सअ‍ॅपने चोळामोळा केलेली फाईल बघून व्हाईट बॅलन्स चुकला म्हणतात.

गंगेवरचा
शेवटचं वाक्य मला असेल तर मी लॅपटॉपवर बघितला होता.

पंचवटीकर
त्या फोटोत नदीतला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून आपण पूर मोजतो, तो पण दिसतोय ना डावीकडे, पाणी गुडघ्यापर्यंत. म्हणजे पावसाळा. पावसाळ्यात असं आभाळ पेटतं कधीकधी.

निफाडकर
गुडघ्यापर्यंत कुठे, कमरेला लागलंय.

पंचवटीकर
कमरेला लागलं असतं तर हा माणूस तिथे काठावर उभा राहून फोटो काढत बसला असता का? २०१६ ला आम्ही दुकानातला माल रात्री डोक्यावरून काढलाय, मारुतीच्या कुठे पाणी आलं की आपण कुठे जायचं हे मला नका सांगू.

निफाडकर
आणि २०१९ ला आमच्या सायखेड्याला काय झालं ते तुम्ही नका सांगू. तुमच्या मारुतीला पाणी लागायच्या आधी धरणातून सोडल्याचे आकडे आम्ही पाठ करून बसलेलो असतो. कंबर आहे ती.

पंचवटीकर
गुडघा. शेंदूर बघा कुठपर्यंत ओला दिसतोय.

निफाडकर
क्लॅरिटी एवढी ओढलीय की अख्खा मारुतीच ओला दिसतोय भो.

आळशी ट्रायपॉड
धन्य आहात.

सिडकोवाला
ओके, ऐका. ओरिजिनल टाकतोय खाली, काहीही न करता. आभाळ पांढरं आहे, घ्या. पांढरी रेघ मला दिसली नव्हती, फोनवर दिसतच नाही ती, मान्य. नावही बदलतो, 'गोदाकाठ' एवढंच. पण गंगेवरचे, तुम्ही पहिल्याच वाक्यात "आभाळ बदललेलं कळतंय" असं चोर पकडल्यासारखं लिहिलंत, सत्तर लोकांसमोर. हेच मेसेजमध्ये लिहिलं असतं तर आजचा दिवस वाचला असता दोघांचा.

गंगेवरचा
मेसेजमध्ये लिहिलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं नसतं, मागचे दोन तसेच पडलेत. पण ठीक आहे, चारचौघांत नको होतं. आणि आळशी ट्रायपॉड, तुमच्यासारखं कोणाच्या बाबतीत माझ्याकडूनही झालं असेल, आठवत नाही म्हणजे झालं नाही असं नाही.

ओरिजिनल मात्र दहापट चांगला आहे. पांढऱ्या आभाळावर देवळाचा काळा दगड काय उठून दिसतोय. वरून थोडा क्रॉप करा, आणि उजव्या कोपऱ्यातली ती निर्माल्याची पिशवी...

सिडकोवाला
सुरू झाले परत.

मेनरोड स्टुडिओ
पिशवी राहू द्या. गंगेवर पिशवी नसली तर लोक म्हणतील एडिट केलाय.

पंचवटीकर
ओरिजिनल मोठा करून बघितला. गुडघाच आहे.