डिसेंबरात बुजवलेला खड्डा जूनमध्ये का उघडतो

लोक विचारतात की दर हिवाळ्यात रस्त्यावरचे तेच खड्डे बुजवून बिलं निघतात, मग पैसा मुरतो कुठे? बराचसा बुजवण्याच्या पद्धतीतच मुरतो.

खड्ड्याच्या कडा कटरने चौकोनी, उभ्या कापायच्या. सुटी खडी-धूळ काढून तळाला, कडांना इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, नवा माल चिकटावा म्हणून) मारायचं, चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम. मग गरम माल, म्हणजे डांबर-खडीचं मिश्रण, आणि लगेच रोलर. प्रत्यक्षात गोल खड्ड्यात फावड्याने माल ओततात अन् टिप्परच्या चाकाने दाबतात! व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचा माल 90 अंशांखाली गेला की रोलर फिरवून उपयोग नाही. परभणीत पहाटे पारा 10 अंशांखाली जातो, तेव्हा तर हे काम थांबवायचंच असतं.

त्यात आपली काळी माती. साइडपट्टी (डांबराच्या कडेची मातीची पट्टी) रस्त्यापेक्षा उंच, नाली बुजलेली. पाणी डांबराखाली शिरतं, माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. नाली उकरणं सगळ्यात स्वस्त, तेच राहून जातं.

बिल ताडून बघा: 1 बाय 1 मीटर, 5 सेंमी खोल खड्ड्याला साधारण 115 किलो माल लागतो. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) आणि कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र) मागवा. त्याआधी दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्ता झाल्यावर त्यातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ, पाहा. तो चालू असेल तर खड्डे ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचे. तरीही वेगळं बिल निघालं असेल, तर कार्यकारी अभियंत्याकडे लेखी तक्रार द्या, फोटोत किलोमीटरचा दगड दिसला पाहिजे.