ससे का घटतात? क्लुएनचा प्रयोग

लिंक्स (ससे खाणारी रानमांजरं) वाढले की ससे संपतात, असं कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीच्या नोंदींवरून काढलेल्या ससे-लिंक्सच्या आलेखाबद्दल म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. तो आलेख साधारण दहा वर्षांचं चक्र दाखवतो, कारण सांगत नाही.

कारण शोधायला पर्यावरणशास्त्रज्ञ चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ ते १९९६ या काळात कॅनडाच्या युकॉनमध्ये, क्लुएन सरोवराजवळच्या जंगलात एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे आखले. काहींत सशांसाठी जादा खाद्य टाकलं. काहींना विजेचं कुंपण घातलं, ज्यातून ससे आरपार जातील पण लिंक्स, कायोटी (लांडग्यासारखा लहान प्राणी) आत येणार नाहीत. तिथल्या हिवाळ्यात असं कुंपण वर्षानुवर्षं चालू ठेवणं हेच केवढं मोठं काम! एका तुकड्यात दोन्ही केलं.

सशांच्या संख्येच्या शिखराच्या आणि उतरणीच्या काळात, काहीच न केलेल्या तुकड्यांच्या तुलनेत शिकारी रोखलेल्या तुकड्यात ससे साधारण दुप्पट होते, खाद्य दिलेल्यात तिप्पट. दोन्ही केलेल्यात मात्र अकरा पट! दोन गुणिले तीन सहाच होतात. म्हणजे अन्न आणि शिकारी एकमेकांचा परिणाम वाढवतात, एकट्या लिंक्सवर खापर फोडून चालत नाही.

जीवशास्त्रज्ञ रूडी बूनस्ट्रा यांचं काम तर मला याहून मोलाचं वाटतं. शिकाऱ्यांच्या सततच्या धाकाने माद्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि पिल्लं कमी होतात. शिकारी घटल्यावरही ससे काही वर्षं सावरत नाहीत, त्यामागे हेच असावं, असं त्यांचं मत आहे.

आणि हो, कुंपणातले ससेही अखेरीस घटलेच. घुबडं वरून येतच होती.