क्रायोबलूननंतर ‘यश’ ७० टक्के की ५७?

सांजवेळ: आईला (वय ६४, बीपी आहे) अधूनमधून उद्भवणारं एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके) आहे. एक औषध देऊन झालं, धडधड थांबत नाही. डॉक्टर क्रायोबलून (फुग्याने फुप्फुसशिरांच्या तोंडाचा भाग गोठवून तिथून येणारे चुकीचे विद्युत-सिग्नल अडवणं) सुचवतात. यशाचा आकडा कुठे ७० दिसतो, कुठे ५७. एवढी तफावत कशी? आणि रक्त पातळ करायची गोळी नंतर सुटते का?

लीड-टू: तफावत मुख्यतः मोजमापाची. या उपचाराच्या संशोधन-चाचण्यांत पहिले तीन महिने धरत नाहीत, कारण गोठवलेल्या भागाची सूज असेपर्यंत ठोके चुकतातच. त्यानंतर ३० सेकंदांचं एएफ सापडलं तरी ‘अपयश’. २०१३ च्या स्टॉप-एएफ चाचणीत ठरावीक वेळी ईसीजी-होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके नोंदवणारं यंत्र) काढून पाहिलं: वर्षअखेर ६९.९ टक्के यश, औषधगटात ७.३. अर्ली-एएफ चाचणीत ३०३ जणांच्या छातीवर कातडीखाली लूप रेकॉर्डर (ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) होता. तो झोपेतलंही टिपतो, त्यामुळे बलूनगटातल्या ४२.९ टक्क्यांत काहीतरी सापडलंच, म्हणजे यश ५७. जाणवणारा त्रास मात्र ११ टक्क्यांनाच.

कॅथलॅबकर: एक भर. अर्ली-एएफमधले रुग्ण औषधाआधीच बलूनला घेतलेले. औषध फसलेले स्टॉप-एएफमध्ये होते. आईंची तुलना तिथे करा.

अपयश येतं कुठे? २८ मिमीचा बलून फुप्फुसशिरेच्या तोंडाशी बुचासारखा बसवतात आणि आत नायट्रस ऑक्साइड सोडतात. आधी डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) टाकून बघायचं: डाय शिरेत साचून राहिला तर ठीक. खालच्या कडेने गळला, तर तिथून गरम रक्त वाहत राहतं, तेवढा भाग नीट गोठत नाही आणि काही महिन्यांनी शीर पुन्हा ‘जोडली’ जाते, म्हणजे तिचे सिग्नल परत हृदयात पोचतात. उजवी खालची शीर यात सर्वात हट्टी. एका फ्रीझला साधारण तीन मिनिटं. शिरेतले सिग्नल पहिल्या मिनिटातच गेले तर काम टिकण्याची आशा जास्त.

उजवीकडे धोका फ्रेनिक नर्व्हचा, म्हणजे श्वासपटल हलवणाऱ्या नसेचा. ती सतत पेस करतात (विजेच्या हलक्या ठोक्यांनी चालती ठेवतात) आणि कोणीतरी बरगड्यांखाली हात ठेवून श्वासपटलाचे झटके मोजत असतं. झटका मंदावला की फ्रीझ तिथेच बंद. फायर अँड आइस चाचणीत (२०१६) घरी जाताना ही इजा २.७ टक्क्यांना होती. बहुतेकांची भरून येते.

लीड-टू: रक्त पातळ करायच्या गोळीचं: निदान दोन महिने सगळ्यांनाच. पुढचं पक्षाघाताच्या जोखमीवर ठरतं, ठोका सुरळीत झाला यावर नाही. ही जोखीम गुणांत मोजतात: आईंना बीपीचा एक गुण आहेच, ६५ पूर्ण झाल्यावर वयाचा दुसरा. म्हणजे गोळी सुटेल असं धरून चालू नका.

कॅथलॅबकर: आणि घरी आल्यावर पहिले दोन महिने ताप, गिळताना दुखणं किंवा बोलण्यात अडखळणं यांपैकी काहीही झालं तर थेट मोठं हॉस्पिटल, छातीचं सीटी. अन्ननलिकेला भोक पडणं फार दुर्मीळ, पण ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून कोणी एंडोस्कोपी सुचवली तर ॲब्लेशन (हीच बलूनची प्रक्रिया) झाल्याचं आधी सांगा. त्यात भरलेली हवा भोकातून मेंदूपर्यंत जाऊ शकते.