व्यंगचित्रकाराचे मत अडवण्याचा अधिकार संपादकाला असावा काय?

धागाकर्ता

अग्रलेखाच्या पानावरचे राजकीय व्यंगचित्र हे सहीनिशी मांडलेले मत असते. त्यातला तपशील खोटा असेल, किंवा कुणाच्या जातीवर वा धर्मावर घाव असेल, तर संपादकाने ते जरूर परत पाठवावे. परंतु मत पटत नाही किंवा मालकाला झोंबेल, एवढ्यासाठी चित्र अडवणे ही पत्रकारितेशी प्रतारणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी व्यंगचित्रकार ॲन टेल्नेस यांनी जानेवारी २०२५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ सोडले, ते ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे पैशाच्या थैल्या घेऊन गुडघे टेकणाऱ्या धनाढ्यांचे त्यांचे चित्र नाकारले गेले म्हणून, आणि त्या धनाढ्यांत त्याच पत्राचे मालक जेफ बेझोस होते. याउलट, लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या मालकीच्या लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये व्यंगचित्रकार डेव्हिड लो वर्षानुवर्षे मालकाच्या राजकारणाच्या विरुद्ध चित्रे काढत राहिले, कारण मतस्वातंत्र्य त्यांनी करारातच मागून घेतले होते. असा करार आपल्याकडेही व्हायला हवा.

प्रतिसाद १

असहमत. टेल्नेस यांच्या प्रकरणात संपादकांचीही बाजू होती: त्याच विषयावर एक स्तंभ नुकताच येऊन गेला होता आणि दुसरा येणार होता, म्हणून पुनरुक्ती टाळली, असे त्यांनी सांगितले. ते कारण खरे की सोयीचे, याचा निवाडा आपण बाहेरून करू शकत नाही.

शिवाय छापलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी संपादकाच्या नावावर येते. खटला त्याने अंगावर घ्यायचा आणि निर्णय मात्र दुसऱ्याने करायचा, ही वाटणी न्यायाची नाही. संपादकाने डोळेझाक केली की काय होते, हे एप्रिल २०१९ मध्ये दिसले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत बाहेरून घेतलेले, ज्यूद्वेषी ठरलेले एक चित्र पुरेशा देखरेखीविना छापले गेले, पत्राला माफी मागावी लागली आणि १ जुलैपासून त्या आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रेच बंद झाली. चित्र निवडणाऱ्याच्या एका चुकीची किंमत निर्दोष चित्रकारांनी मोजली. ज्याला संपादक नकोच असेल, त्याने स्वतःचे नियतकालिक काढावे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ काढले, तसे.

प्रतिसाद २

स्वतःचे नियतकालिक हा उपाय वाटतो तितका निर्मळ नाही. बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० मध्ये ‘मार्मिक’ सुरू केले, १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, आणि रेषेवर विलक्षण हुकमत असलेला चित्रकार पक्षनेता झाला. त्यांच्या कुंचल्याबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही पक्ष चालवणाऱ्याची रेषा स्वतःच्या पक्षाकडे त्याच धारेने वळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

मात्र धागाकर्त्यांनी केलेला ‘तपशील’ आणि ‘मत’ हा भेद चित्रात टिकणारा नाही. अबू अब्राहम यांचे आणीबाणीतले, डिसेंबर १९७५ मधले चित्र आठवावे: राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेले आहेत, दाराच्या फटीतून सही केलेला कागद बाहेर देत आहेत आणि आणखी वटहुकूम असतील तर थांबायला सांगा, असे म्हणत आहेत. राष्ट्रपतींनी बाथटबमध्ये सही केली नव्हती. म्हणजे तपशील खोटा. मग आपल्या नियमाने हे अजरामर चित्र परत पाठवायचे काय?

धागाकर्ता

मुळीच नाही, आणि या उदाहरणामुळे माझे म्हणणे अधिक नेमके मांडता येते. चित्रातला बाथटब ही अतिशयोक्ती आहे. ती ज्या वस्तुस्थितीवर उभी आहे, ती तपासायची. आणीबाणीच्या उद्घोषणेवर २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ती २६ च्या पहाटे कळवण्यात आली, ही नोंदलेली वस्तुस्थिती आहे. कागद पुढे आला की सही होते, हा चित्राचा दावा या पायावर भक्कम उभा राहतो. संपादकाने चित्रकाराला एवढेच विचारावे: हे कशावरून काढले? उत्तर मिळाले, की रेषा कुणाला बोचते याची चौकशी तिथेच थांबली पाहिजे.

कायदेशीर जबाबदारीचा मुद्दा मी मान्य करतो. खटल्याची खरीखुरी भीती असेल, तर संपादकाने नकाराचे कारण लेखी द्यावे आणि चित्रकाराला ते चित्र अन्यत्र छापण्याची मोकळीक असावी.

प्रतिसाद १

लेखी कारणाला माझी हरकत नाही. अन्यत्र छापण्याला आहे, कारण पगारी चित्रकाराचे नाकारलेले चित्र दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी पत्रात दिसले, तर कोणताही संपादक पुढच्या वेळी असा करार करणार नाही.