नोडला सापडणारे पॅकेजचे नाव ब्राउझरला का सापडत नाही?

प्रश्न: ‘लोडॅश-ईएस’ या जावास्क्रिप्ट पॅकेजची नुसत्या नावाने केलेली आयात नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) बिनतक्रार चालते, पानात इम्पोर्ट मॅप (कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे सांगणारी यादी) लिहूनही ब्राउझर मात्र त्रुटी दाखवतो. नोडसारख्याच डेनो या प्रणालीसाठी काय करावे, हेही कळावे.

उत्तर १: नोड आयात करणाऱ्या फाइलच्या फोल्डरपासून एकेक पायरी वर चढत ‘नोड_मॉड्यूल्स’ हे बसवलेल्या पॅकेजांचे फोल्डर धुंडाळतो आणि पॅकेजमधल्या ‘एक्स्पोर्ट्स’ या नोंदीवरून नेमकी फाइल ठरवतो. ब्राउझर असा शोध घेत नाही. त्याला पत्ताच लागतो. इम्पोर्ट मॅप २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो, परंतु ते नाव आयात करणाऱ्या मॉड्यूलच्या (जावास्क्रिप्ट फाइलीच्या) आधी तो असायला हवा. आपला कुठे आहे?

उत्तर २: डेनोमध्ये नाव आणि पत्ता यांची हीच जोडणी ‘डेनो.जेसन’ या मांडणी-फाइलीतील ‘इम्पोर्ट्स’खाली, पत्त्याला ‘एनपीएम:’ (पॅकेजांच्या सार्वजनिक भांडाराचे नाव) हा उपसर्ग लावून करावी. कोडमध्ये नुसते नावच ठेवावे. पत्ते फाइलीफाइलींत विखुरले की आवृत्ती बदलताना किती दमछाक होते, हे मी अनुभवले आहे.

प्रश्नकर्ता: मॅप मॉड्यूलच्या खाली होता. वर घेताच चालले. मनापासून आभार.